पहिली सुई स्वतःला : वॉल्डेमार हाफकिन

(द्वितीय वर्ष, कला)

मी कला शाखेचा विद्यार्थी. शास्त्राशी असलेला माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला, अशी माझी समजूत होती. त्यामुळे वार्षिकांकासाठी मी एका जंतुशास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला घेतले आहे हे कळल्यावर वर्गातले मित्र हसले. आमच्या सरांनी मात्र एवढेच विचारले, की हाच माणूस का निवडलास? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे वडील आरोग्यसेवक आहेत. वाड्यावस्त्यांवर फिरून लस टोचणे, विहिरीत औषध टाकणे, तापाच्या रोग्याच्या रक्ताचा नमुना घेणे, हे त्यांचे काम. 2021 च्या उन्हाळ्यात गावात करोनाची लस आली. शाळेच्या वर्गात बाकांवर बसवून बाबा एकेकाला टोचत होते. आमच्याच आळीतले एक आजोबा लस घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी वारले. त्यांना हृदयाचा जुना विकार होता. पण गावाने दोन गोष्टी एकत्र बांधल्या : टोचले, आणि म्हातारा गेला. त्यानंतर आईशी गिरणीवर कोणी बोलेना. बाबा दिसले की लोक घराची दारे लावून घेऊ लागले. पुढे चौकशी झाली, मृत्यूचा लसीशी संबंध नाही असा निर्वाळाही मिळाला. परंतु आरोप चावडीवर झाला होता आणि निर्वाळा आला तो कागदावर! तो कागद गावात कोणी वाचून दाखवला नाही.

पुढल्या वर्षी मामांच्या उपचारासाठी आम्ही मुंबईला परळला गेलो होतो. रुग्णालयातून परतताना बाबा एका जुन्या फाटकापाशी थांबले. फाटकावर हाफकिन संस्थेचे नाव होते. ज्याच्या नावाने ही संस्था उभी आहे, त्याच्यावरही एकदा लसीने माणसे मारल्याचा आळ आला होता, एवढेच ते म्हणाले आणि चालू लागले. त्या घटनेविषयी बाबा माझ्याजवळ बोलले ते तेवढेच. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातून मी हा माणूस शोधून काढला.

वॉल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म 1860 साली, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्याच विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांना गुरू लाभले ते एली मेचनिकॉफ. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी रक्तात असतात, हे दाखवून पुढे 1908 साली नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकॉफ. शिष्य हुशार होता, पण त्याचा धर्म त्याच्या आड आला. 1881 मध्ये रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तेव्हा ज्यूंच्या संरक्षक तुकडीत उतरल्याबद्दल हाफकिन यांना अटक झाली. गुरूने रदबदली करून त्यांना सोडवले. पुढे धर्म बदलला तर विद्यापीठात बढतीची वाट मोकळी होणार होती. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही आणि वस्तुसंग्रहालयातली साधी नोकरी पत्करली. आयुष्यभर पुरलेला त्यांचा हट्टी स्वाभिमान इथेच प्रथम दिसतो.

1888 मध्ये त्यांनी मायदेश सोडला. वर्षभर ते जिनिव्हाला होते. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, तेव्हा तिथे एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथपालाची! ती त्यांनी घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा क्रम सुरू झाला.

तो काळ नीट ध्यानात घ्यायला हवा. साथीचे रोग दूषित हवेने होतात, कोपामुळे होतात, नशिबाने होतात, अशीच माणसांची शतकानुशतकांची समजूत होती. आपल्याकडे पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. युरोपातील समजुतीही याहून फार पुढे नव्हत्या. पाश्चर आणि कॉख या दोघांनी हे चित्र पालटले. डोळ्यांना न दिसणारे सजीव शरीरात शिरतात, वाढतात, विष निर्माण करतात आणि एका शरीरातून दुसऱ्यात जातात, हे त्यांनी सिद्ध केले. प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा आणि त्याची वाटही वेगळी. पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. तो रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या आतड्यात जातो. तिथे त्याच्या विषामुळे शरीरातले पाणी जुलाबावाटे भराभर निघून जाते आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू 1884 मध्ये आपल्या कलकत्त्यातच शुद्ध स्वरूपात वेगळा केला.

शत्रू दिसला, पण त्याला अडवायचे कसे? लसीमागची कल्पना ऐकायला सोपी आहे. दुबळा केलेला किंवा मारलेला जंतू शरीरात सोडायचा. शरीर त्याला ओळखून ठेवते, त्याच्याविरुद्ध शस्त्रे तयार करते. पुढे खरा जंतू आला तर लढाईची तयारी आधीच झालेली असते. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंवर हाच प्रयोग केला. प्राण्यांवर तो यशस्वी झाला. मग प्रश्न आला माणसाचा. पहिला माणूस कोण? 18 जुलै 1892 रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी मित्रांना टोचले. आधी स्वतः, मग दुसरा, हा त्यांचा नियम मला त्यांच्या सगळ्या शास्त्राहून मोठा वाटतो.

पटकीचे खरे घर म्हणजे बंगालचा मुलूख. तेव्हा लस तपासायची तर हिंदुस्थानात जायला हवे. 1893 च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यात उतरले. वय तेहतीस, ओळखीपाळखी फारशा नाहीत, आणि त्यातून ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. गोऱ्या डॉक्टरांना हा रशियन उपरा वाटे आणि लोकांना सुई घेऊन आलेला साहेब. तरीही आग्र्यापासून कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांपर्यंत हिंडून सुमारे अडीच वर्षांत त्यांनी बेचाळीस हजारांच्या आसपास लोकांना लस टोचली. सक्ती नव्हती. एकाच वस्तीत काहींनी घेतलेली, काहींनी न घेतलेली, अशांची तुलना ते बारकाईने करून ठेवत. हिवतापाने शरीर खंगले, तेव्हा त्यांना युरोपात परत जावे लागले. पण 1896 मध्ये ते पुन्हा इथे आले, आणि त्याच वर्षी मुंबईवर संकट कोसळले.

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात तापाचे आणि गाठींचे विचित्र रोगी दिसू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. पुष्कळांना ते पटले नाही, पण मृत्यूंनीच त्यांची साक्ष दिली. शहर ओस पडू लागले. गाड्या भरभरून लोक बाहेर पळाले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला. आपल्या पणजी-आज्यांच्या तोंडी उंदीर पडला हे दोनच शब्द पुरेसे असत. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचे आणि माळावर झोपडी घालून राहायचे. त्यांना कारण ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. प्लेगचा जंतू 1894 मध्ये अलेक्झांद्र येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधला होता. तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे पोल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिले. उंदीर मेला की भुकेल्या पिसवा दुसरे रक्त शोधतात. पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा बसलेला असतो, म्हणून तिला रक्त गिळता येत नाही. ती पुन्हापुन्हा चावते आणि चावताना जंतू जखमेत ओकते. तिथून ते जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीत जाऊन वाढतात. गाठ म्हणजे शरीराने लढवलेली पहिली चौकी. ती पडली की जंतू रक्तात पसरतात. फुप्फुसांत पोचले तर रोगी नुसता खोकला तरी शेजारच्याला लागण होते.

7 ऑक्टोबर 1896 रोजी हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि पुढचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई! जंतू वाढवायला मांसाचे सार लागते. हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या भावना लक्षात घेऊन त्यांनी ते बकऱ्याच्या मांसाचे केले आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या तुपाखाली प्लेगचे जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. मग ते उष्णतेने मारायचे आणि त्यात कार्बॉलिक आम्ल घालायचे. अहोरात्र काम करून अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत. ज्वर चढला, अंग ठणकले, पण ते उभे राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोग बराच कमी झाला. लस परिपूर्ण नव्हती. हाफकिन यांचाही तसा दावा नव्हता. पण हाती काहीच नव्हते तिथे काहीतरी आले होते.

या तारखा वाचताना मी एका ठिकाणी अडखळलो. 10 जानेवारीनंतर दोनच महिन्यांनी, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी आणता आणता, एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणल्यावर त्यांना लागण झाली. लस तेव्हा जन्मली होती, पण तिचे हात अजून लांबवर पोचत नव्हते. त्याच पुण्यात सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, लोकांची अब्रू आणि सामान रस्त्यावर आले, आणि 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. अशा वातावरणात सरकारी सुईवर लोकांनी विश्वास ठेवावा कसा? सुईत विष आहे, धर्म बाटवण्याचा डाव आहे, अशा वावड्या उठत. त्यांना नुसते अडाणीपण म्हणून उडवून लावणे मला आता जमत नाही. ज्या हाताने दार फोडले, तोच हात औषध देऊ लागला तर संशय येणारच. आगाखान यांनी स्वतः उघडपणे लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. विश्वास हुकमाने निर्माण होत नाही, तो कोणीतरी आधी आपल्या अंगावर घ्यावा लागतो, हेच यातून दिसते.

लशीची मागणी वाढत गेली. प्रयोगशाळेने जागा बदलल्या; काही काळ ती आगाखान यांच्या वास्तूतही होती. अखेर 1899 च्या ऑगस्टमध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. याच वाड्यात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या होत्या. ज्या घराला साथीने उजाड केले, त्याच घरातून साथीवरची लस देशभर जाऊ लागली! एकोणचाळीस वर्षांचे हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते.

आणि मग आले मुलकोवाल.

पंजाबातल्या मुलकोवाल या गावी 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी एका बाटलीतली लस घेतलेल्या 19 जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला. एकोणीसही जण दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतल्या लशीने कोणालाही काही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. प्रतिकूल काळात तो कवच धारण करून वर्षानुवर्षे पडून राहतो आणि हवा न पोचणाऱ्या जखमेत शिरला की वाढून भयंकर विष निर्माण करतो. तो बाटलीत केव्हा शिरला, हाच सगळा प्रश्न होता. परळला, की मुलकोवालला? चौकशी समितीने बोट परळकडे दाखवले. वाढती मागणी पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी लशीत कार्बॉलिक आम्ल घालणे सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता, त्यावर समितीने ठपका ठेवला. वास्तविक पॅरिसला उष्णतेचीच पद्धत वापरात होती. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. 1904 मध्ये ते इंग्लंडला गेले.

पण एक गोष्ट नोंदीत होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढायचा चिमटा एका मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो कार्बॉलिकच्या सौम्य पाण्यात नुसता बुचकळून त्यानेच बूच उघडण्यात आले. एवढ्याने धनुर्वाताचे कवचधारी बीज मरत नाही. शिवाय जंतू आठवडेच्या आठवडे बाटलीत वाढला असता, तर बूच काढताच घाण वास आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. हे सर्व दिसत असूनही वर्षे गेली. चौकशीची कागदपत्रे छापून बाहेर आली, तोवर 1906 साल संपत आले होते. मग हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. 29 जुलै 1907 रोजी लंडनच्या टाइम्समध्ये त्यांचे आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षे लागली!

त्या पाच वर्षांत काय काय गेले, त्याचा हिशेब मला लागत नाही. मुंबईतली त्यांची जागा भरली गेली होती, म्हणून त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले. तिथे नव्या लशींचे माणसांवर प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना नव्हती. ज्याने दोनदा स्वतःला टोचून घेतले, त्याच्या हातातून सुईच काढून घेण्यासारखे ते होते. 1914 च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. लग्न त्यांनी कधी केले नाही. उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माकडे वळले आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांसाठी आपली पुंजी ठेवून गेले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. त्याआधी पाच वर्षे, म्हणजे 1925 मध्ये, परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. 1964 मध्ये भारताने त्यांचे टपाल तिकीटही काढले.

प्लेग आज पूर्वीसारखा राहिलेला नाही. प्रतिजैविकांनी तो वेळेवर बरा होतो. पण तो संपलेलाही नाही. 1994 मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावी तो आढळला आणि पाठोपाठ सुरतेत घबराट उडाली. जंतू वाट पाहू शकतात. भीतीही तशीच वाट पाहत असते, हे आम्ही करोनाच्या काळात पाहिले.

हे चरित्र वाचून संपले तेव्हा मी बाबांना सगळे सांगितले : चिमटा, बाटली, वास, पाच वर्षे. ते ऐकत होते. मग त्यांनी त्या एकोणीस जणांविषयी विचारले. त्यांच्या घरच्यांना काही मिळाले का, कोणी त्यांना जाऊन भेटले का? मला उत्तर देता आले नाही. वाचताना मी फक्त हाफकिन यांच्या निर्दोषत्वामागे धावत होतो. ते एकोणीस जण माझ्या लेखी केवळ आकडा होऊन बसले होते. ज्या माणसावर स्वतः आळ आला होता, त्याच्या मनात मात्र पहिला प्रश्न आला तो मेलेल्यांच्या घरांचा. आजोबा वारले तेव्हा गाव दारे लावत असताना बाबा त्यांच्या घरी समाचाराला गेले होते आणि ओट्यावरूनच परत आले होते, हे मला आईकडून त्या रात्री प्रथम कळले.

आमच्या गावात आजही बाबा लस टोचतात. बाटली उघडण्याआधी ते ती समोरच्या माणसाच्या हातात देतात, तारीख वाचायला लावतात आणि मगच सुई भरतात. पूर्वी मला हा उगाच वेळकाढूपणा वाटे. आता वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात त्या आजोबांची सून आपले बाळ घेऊन केंद्रावर आली. बाबांनी बाटली तिच्या हातात दिली. तिने तारीख वाचली, बाटली परत केली आणि बाळाची मांडी धरून पुढे केली.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते हे असे आहे.